झडप

मराठीत ‘झडप’ हा शब्द दोन अंगांनी चालतो. दाराला, खिडकीला झडप असते. ती उघडते आणि मिटते. ससाण्याची, बिबट्याची झडप निराळी. ती घातली जाते. या दुसऱ्या अर्थाचे आणखी एक टोक गावाकडे शिल्लक आहे. एखाद्या माणसाला बाहेरची बाधा झाली असे लोकांना वाटले, की ‘त्याला झडपले’ असे म्हणतात. शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी हृदयातल्या ‘व्हॉल्व्ह’साठी पहिला अर्थ उचलला, आणि तो नेमका आहे. माझ्या आत्याच्या बाबतीत मात्र हे दोन्ही अर्थ एकाच वर्षी, एकाच छातीवर येऊन पडले. ती हकीकत कळल्यापासून हा शब्द वर्गात शिकवताना कुठे आला, की मी क्षणभर थांबते.

आत्याचे सासर चोरखमारा. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेले हे गाव. पर्यटकांना ते अभयारण्याचे एक प्रवेशद्वार म्हणून माहीत आहे, पक्षी पाहणाऱ्यांना तिथल्या मोठ्या तलावामुळे. भोवती धानाच्या बांध्या, त्यांच्यापलीकडे साग-ऐनाचे रान, आणि बोली आमची झाडीपट्टीची, जिच्यात ‘ळ’चा ‘र’ होतो आणि काळजाचे ‘कारीज’ होते. मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथे काढल्या आहेत. आत्या हळू चालते, जिना चढत नाही, आणि तिच्या डाव्या स्तनाखालून पाठीकडे गेलेला एक लांब वण आहे, एवढे मला फार लवकर ठाऊक झाले होते. त्या वणामागची गोष्ट मात्र तुकड्यातुकड्यांनी, अनेक वर्षांत, बहुधा रात्री अंगणात खाटेवर पडल्या पडल्या ऐकली.

आत्याचा जन्म १९६१चा. १९७१च्या सुमारास तिला महिनाभर ताप होता, असे माझे वडील सांगत. आधी घसा दुखला. तो आपोआप बरा झाला. मग पंधरा-वीस दिवसांनी एक गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा, घोटा उतरला तर मनगट. दुखणे पाहुण्यासारखे एकेका सांध्यावर मुक्काम करीत फिरले आणि निघून गेले. घरच्यांनी ‘वात’ म्हटले, शेक दिला. पोर पुन्हा हिंडूफिरू लागली तेव्हा सगळे ते विसरून गेले. १९७९ साली तिचे लग्न झाले. १९८३च्या पावसाळ्यात, पहिल्या खेपेचा चौथा महिना चालू असताना, रोवणीच्या चिखलात ती मध्येच उभी राहू लागली.

ज्यांनी धानाची रोवणी पाहिलेली नाही त्यांना या उभे राहण्याचा अर्थ सांगावा लागेल. बाया एका ओळीत, कमरेतून वाकून, पऱ्हे रोवत मागे मागे सरकतात. सगळ्यांचा वेग एकच असतो. गाणे असते तेही बहुधा त्यासाठीच. जी मागे पडते तिच्यापुढची जागा रिकामी दिसते. घरातला आजार झाकता येतो, पण बांधीतला आजार सगळ्या गावाला दिसतो. पहिल्या दिवशी बायांनी आत्याची थट्टा केली. दुसऱ्या दिवशी पोटुशी म्हणून सोडून दिले. आठवड्याने मात्र ती बांधावर बसूनही धापा टाकू लागली. रात्री आडवे झाले की जीव घुसमटे. दचकून उठून ती भिंतीला टेकून बसे आणि पहाटेपर्यंत तशीच राहे. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येई. “छातीवर कोणी येऊन बसते,” असे तिने सासूला सांगितले. सासूने आठवून पाहिले, की अमुक दिवशी ही भर दुपारी तलावाच्या पाळीवरून एकटी आली होती. निदान झाले. आत्याला झडपले होते. लिंबू-नारळाचा उतारा पडला.

मला या सासूवर रागावता येत नाही. आडवे झाल्यावर पायांतले आणि पोटातले रक्त छातीकडे सरकते. आधीच तुंबलेल्या फुप्फुसांत आणखी भर पडते. बसल्यावर ते उतरते. ‘निजले की कोणी छातीवर बसते, उठले की जाते’ हे वर्णन वैद्यकीय दृष्टीने बिनचूक आहे. चूक फक्त त्या ‘कोणी’मध्ये होती. आणि ज्याने पुस्तके वाचली होती त्या तालुक्याच्या डॉक्टरानेही थुंकीतले रक्त पाहून क्षयाच्या सुया सुरू केल्या. त्या चार महिने चालल्या. जानेवारी १९८४ मध्ये आत्या बाळंत झाली. मुलगा वाचला, तीही कशीबशी वाचली, आणि मग तिला रेल्वेने नागपूरला नेले. तिथे एका तरुण डॉक्टराने तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितले, श्वास पूर्ण सोडून क्षणभर थांबायला सांगितले आणि स्टेथोस्कोपचे टोक छातीवर हलकेच टेकवले. दोन मिनिटांत तो म्हणाला, हिचा ‘मायट्रल व्हॉल्व्ह’ आवळला आहे. आत्याने ते ‘वाल’ असे ऐकले. आमच्याकडे वाल शेंगेत असतात. “म्या म्हटलं, छातीत कायचे वाल?” असे सांगताना ती अजूनही हसते.

गंमत अशी, की शास्त्रीय मराठीही तिच्या फार दूर नव्हती. सोळाव्या शतकात शरीरविच्छेदन करणाऱ्या व्हेसालियसला या झडपेच्या दोन पाकळ्या बिशपच्या उभ्या, दुभंगलेल्या टोपीसारख्या दिसल्या. त्या टोपीचे नाव ‘मायटर’, म्हणून झडप ‘मायट्रल’. आमच्या परिभाषाकारांपुढे ती टोपी नव्हती. त्यांनी तिला ‘द्विदल झडप’ म्हटले. द्विदल म्हणजे जिचे दोन भाग होतात ती डाळ. धान एकदल, धान कापल्यावर त्याच बांधीत येणारी लाखोरी द्विदल. त्यामुळे वाल म्हणणारी आत्या आणि द्विदल म्हणणारा ग्रंथ एकाच शेतात उभे होते, असे म्हणायला हरकत नाही.

या झडपेचे काम समजायला आमच्या भागात उपमा शोधत हिंडावे लागत नाही. जुन्या मालगुजारी तलावांत पाणी सोडण्याच्या दाराला ‘तुडुम’ म्हणतात, आणि जादा झालेले पाणी पाळ न फोडता निघून जावे म्हणून एका बाजूला ‘सलंग’ असते. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे आहेत. फुप्फुसांतून आलेले ताजे रक्त वरच्या कप्प्यात उतरते. खालचा कप्पा ते अंगभर फेकतो. दोघांच्या मधे ही द्विदल झडप. खालचा कप्पा सैलावला की ती उघडते, आकुंचन पावला की मिटते. तुडुम उघडायला माणूस लागतो. ही झडप रक्ताच्याच दाबाने, दिवसातून सुमारे एक लाख वेळा, आपली आपण उघडते. निरोगी माणसात तिची वाट चार ते सहा चौरस सेंटीमीटर असते, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. आत्याच्या झडपेच्या पाकळ्या कडांना एकमेकींना चिकटल्या होत्या, जाड झाल्या होत्या, आणि त्यांना खालून धरणाऱ्या दोऱ्या आखडल्या होत्या. वाट एक चौरस सेंटीमीटरच्या खाली आली होती. नाण्याचे काज झाले होते.

तलावाचा तुडुम अरुंद झाला तर खालची शेते कोरडी पडतात आणि वर पाणी चढत जाते. पण तिथे सलंग आहे. हृदयाला सलंग नाही. वरच्या कप्प्यातले रक्त तुंबते, कप्पा फुगतो, आणि पाणी मागे मागे चढत फुप्फुसांत उतरते. धाप लागते ती याची. शिवाय इथे काळाचाही हिशेब आहे. झडप उघडी असते ती फक्त हृदयाच्या विसाव्यात. नाडी जलद झाली की हा विसावाच आखूड होतो, आणि अरुंद दारातून रक्त जायला लागणारा वेळ मिळत नाही. गरोदरपणी अंगातले रक्त जवळपास निम्म्याने वाढते आणि नाडीही वाढते. बारा वर्षे गुपचूप आवळत आलेली झडप म्हणूनच नेमकी त्या पावसाळ्यात, नेमकी त्या चिखलात उघडी पडली. रोवणी आणि पोट यांनी मिळून आत्याची परीक्षा घेतली होती. उतारा टाकणारे म्हणत होते त्या दुपारच्या पाळीने नव्हे.

द्विदल झडपेचे आजार आणखीही आहेत. कधी ती नीट मिटत नाही आणि रक्त उलटे गळते. कधी तिच्या पाकळ्या सैल होऊन वरच्या कप्प्यात फुगतात. हा प्रकार जोहान्सबर्गच्या जॉन बार्लो यांनी १९६३ मध्ये उलगडून दाखवला. उतारवयात झडपेचे कडे क्षारांनी कठीण होते, किंवा हृदयच पसरल्यामुळे दोन पाकळ्या एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत. सुखवस्तू देशांत आता दिसतात ते बहुतेक हे आजार. पण तरुण बाईची, शाळकरी मुलाची झडप आवळलेली असली तर तिचे मूळ जवळजवळ नेहमी एकच असते, आणि ते छातीत नसते.

ते घशात असते. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या एका जंतूने मुलांचा घसा धरतो. बहुतेकांचा बरा होतो. काही थोड्यांच्या बाबतीत, दोन-तीन आठवड्यांनी, जंतूशी लढायला उठलेली शरीराची फौज आपल्याच ऊतींना शत्रू समजू लागते. सांधे सुजतात आणि सुजून उतरतात. ते मागे काही ठेवत नाहीत. हृदयाची झडप मात्र ती सूज विसरत नाही. हा संधिवाताचा ताप, ज्याला डॉक्टर ‘रुमॅटिक फीवर’ म्हणतात, पाच ते पंधरा या वयात येतो, आणि पुन्हा घसा धरला की पुन्हा येतो. प्रत्येक खेपेला झडपेवर आणखी एक जखम, आणखी एक वण. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत लिहिले होते की घशापासून काजापर्यंतचा हा प्रवास दोन-तीन दशकांचा असतो. १९६३ मध्ये डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की भारतात तो फार लवकर पुरा होतो, विशीच्या आतच मुलामुलींच्या झडपा आवळलेल्या सापडतात. तापाच्या खेपा लागोपाठ येणे, आणि त्या कोणी न थांबवणे, हे त्याचे एक मोठे कारण.

आणि त्या खेपा घरावर ठरतात. एका खोलीत सात-आठ जण निजतात, ओल असते, चूल आत असते, एकाच्या खोकल्यात सगळ्यांचा श्वास असतो, तिथे हा जंतू मुक्कामाला राहतो. युरोप-अमेरिकेत हा ताप पेनिसिलिन येण्याच्या आधीच ओसरू लागला होता; माणसे मोकळ्या घरांत राहू लागली हे त्याचे कारण मानले जाते. माझ्या वडिलांचे घर १९७१ साली दोन खोल्यांचे होते आणि त्यात नऊ माणसे राहत. आत्याची झडप कुठे बिघडली असे कोणी विचारले, तर मी त्या घराचा पत्ता सांगेन.

आत्यावर मार्च १९८४ मध्ये जी शस्त्रक्रिया झाली तिचा इतिहास मी पुढे वाचून काढला. मराठीच्या अध्यापिकेने हे वाचण्याचे कारण नव्हते. पण तो वण मला कोणी तरी लिहून ठेवलेल्या, पण न कळणाऱ्या ओळीसारखा वाटे. बॉस्टनमध्ये एलियट कटलर यांनी १९२३ साली बारा वर्षांच्या एका मुलीची आवळलेली झडप सुरीने कापली. ती पुढे साडेचार वर्षे जगली, पण तिच्यानंतरचे रुग्ण वाचले नाहीत आणि त्यांना तो मार्ग सोडावा लागला. लंडनच्या हेन्री साउटर यांनी १९२५ मध्ये एका मुलीच्या हृदयात सुरीऐवजी बोट घातले आणि बोटानेच झडप मोकळी केली. ती बरी झाली. तरीही त्यांच्याकडे दुसरा रुग्ण कोणी पाठवला नाही. मग तेवीस वर्षे शांतता. १९४८च्या जूनमध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यशस्वी झाले, तेव्हा त्यांचे आधीचे रुग्ण दगावलेले होते आणि सहकारी त्यांच्यावर बिथरलेले होते. या सगळ्या कथांत शस्त्रक्रिया करणाऱ्यांची नावे ठसठशीत आहेत. टेबलावर मात्र बहुतेक वेळा एक मुलगी किंवा तरुण बाई आहे. आवळलेली द्विदल झडप पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसते.

हे बोटाचे शास्त्र भारतात १९५०च्या दशकात आले. वेल्लोरला रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला होता. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा विभाग होता. डॉ. सेन यांचे नाव निघाले की आपल्याला फेब्रुवारी १९६८ मधले हृदयारोपण आठवते. भारतातले ते पहिले. रुग्ण काही तासच जगला. ते साहस होतेच. पण डाव्या बरगड्यांमधून हात घालून, धडधडणाऱ्या हृदयाच्या एका कोपऱ्यातून तर्जनी आत सरकवून, डोळ्यांना काही न दिसता केवळ स्पर्शाने दोन पाकळ्यांची शिवण उसवायची, हे काम या देशातल्या सरकारी रुग्णालयांत पुढे दशकानुदशके, रोजच्यासारखे होत राहिले. त्याला हृदय-फुप्फुस यंत्र लागत नसे, खर्च थोडा. श्रीमंत देशांनी ते मागे टाकले तरी आपल्याकडे ते टिकले, कारण आपल्याकडे काज झालेल्या झडपा होत्या आणि पैसे नव्हते. पुढे जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तीच शिवण उसवण्याची रीत काढली. आत्याच्या वाट्याला मात्र बोट आले. कुणा एका माणसाचे बोट माणसाच्या हृदयात शिरून आले, आणि ती बाई नंतर एकवीस वर्षे त्यावर जगली, ही गोष्ट मला कोणत्याही रूपकापेक्षा अधिक थक्क करते.

उसवलेली शिवण पुन्हा जुळते. २००४ पासून आत्याला परत धाप लागू लागली. नाडी अनियमित झाली. यावेळी मी नुकतीच महाविद्यालयात लागले होते आणि तिच्याबरोबर नागपूरला जाण्याइतकी मोठी होते. पडद्यावर तिची झडप मी पाहिली. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची ही विद्या स्वीडनमध्ये लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये सुरू केली, आणि एडलर यांना प्रथम हवी होती ती याच झडपेची खबर: कोणाची आवळली आहे आणि कोणाची गळते आहे. आत्याची दोन्ही होती. झडप बदलावी लागणार होती. जंगलाच्या कडेची एक एकर बांधी विकली गेली. महाराष्ट्रात पुढे २०१२ पासून जी विमा योजना आली, जिला आता महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे, तिच्यात अशा शस्त्रक्रिया बसतात. २००५ मध्ये आत्याच्या घराला ती वाट नव्हती.

बसवली गेलेली झडप भारतीय होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी वैद्य आणि अभियंते एकत्र बसवून ती घडवली. आधीचे तीन आराखडे टाकून द्यावे लागले. चौथा टिकला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. धातूच्या कड्यात कलणारी प्लास्टिकची एक चकती, एवढेच तिचे रूप. दोन पाकळ्यांच्या जागी एक चकती आली. द्विदलाचे एकदल झाले. रात्री घर शांत झाले की आत्याजवळ निजणाऱ्याला ती ऐकू येते. टक, टक, टक. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या मामांना, सुरुवातीला त्याने झोप येईना. नंतर तो आवाज ऐकू आला नाही तर जाग येऊ लागली.

लोक म्हणतात, ‘वाल बदलला, आता बरी झाली.’ बदललेली झडप म्हणजे आजाराचा शेवट नसतो. आजाराची अदलाबदल असते. परक्या वस्तूवर रक्त गोठते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. या औषधाची जन्मकथाही शेतातलीच आहे. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेने त्यातले द्रव्य शोधले. त्यापासून आधी उंदीर मारण्याचे औषध निघाले आणि मग माणसे जगवण्याचे. गोळी कमी पडली तर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. मधली पट्टी अरुंद आहे, आणि ती रक्त तपासून सांभाळावी लागते. आत्याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. तपासणीसाठी गाव सोडून जावे लागते, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि सोबतीला आलेल्याचीही. त्यात पालेभाज्या. हिरव्या पानांतले ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. डॉक्टर सांगतात, भाजी सोडू नका, पण रोज सारखीच खा. ज्याच्या घरी फ्रिज आणि बाजार आहे त्याला हे जमते. चोरखमाऱ्यात पहिल्या पावसानंतर तरोटा उगवतो, मग हिवाळ्यात लाखोरीची कोवळी भाजी. भाजी ऋतूप्रमाणे येते आणि जाते. २०११च्या पावसाळ्यात आत्याचा आकडा दीडवर उतरला आणि तिच्या डाव्या हाताची बोटे तासभर बधिर झाली. ती परत आली. सगळ्यांची येत नाहीत. आणि आत्याची मूल होण्याची वेळ तेव्हा सरलेली होती म्हणून एक प्रश्न तिला पडला नाही. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. विशीतल्या बाईला धातूची झडप बसवायची की लवकर झिजणारी प्राण्याच्या ऊतीची, या निवडीत तिचे आयुष्य आणि तिचे आईपण समोरासमोर येतात.

इथपर्यंतची हकीकत मी एका बाईची म्हणून सांगत आले. पण २०२३ मध्ये ती दुसऱ्या पिढीत उतरली. त्या वर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले. २०१३ पासून ही पथके शाळांतून आणि अंगणवाड्यांतून हिंडतात, आणि ज्या आजारांसाठी ती मुले तपासतात त्यांत हा हृदयरोगही आहे. आत्याच्या नातीच्या छातीत डॉक्टरीणबाईंना एक मर्मर ऐकू आली. पोरगी अकरा वर्षांची; दोन महिन्यांपूर्वी तिचा घसा दुखला होता, मग गुडघा. नागपूरला पडद्यावर दिसले, की झडप आवळलेली नाही, किंचित गळते आहे. म्हणजे पहिली जखम झाली होती. दुसरी होऊ द्यायची नव्हती.

दुसरी जखम थांबवणारे औषध जुने आणि स्वस्त आहे. बेंझाथिन पेनिसिलिनची सुई, दर एकवीस दिवसांनी, निदान पंचविशीपर्यंत. इतके सोपे औषध असूनही ते रुग्णापर्यंत पोहोचत नाही, याची कारणे मला या दोन वर्षांत कळली. सुई जाड आणि फार दुखरी, मूल रडते. औषध स्वस्त म्हणून ते बनवण्यात कोणाला रस नाही, आणि जगभर अधूनमधून त्याचा तुटवडा पडतो. पेनिसिलिनची रिअॅक्शन येऊन क्वचित जीव जातो. त्या भीतीने अनेक डॉक्टर ती टोचायलाच तयार नसतात. पहिल्या ठिकाणी आम्हाला ‘इथे देत नाही’ असे सांगितले गेले, दुसऱ्या ठिकाणी लिहून आणायला सांगितले गेले, तिसऱ्या ठिकाणी एका नर्सबाईंनी चाचणी घेऊन, अर्धा तास समोर बसवून, ती दिली. आणि सगळ्यांत मोठे कारण हे, की मूल ठणठणीत दिसते. जे दुखत नाही त्यासाठी दुखणारी सुई, दर एकवीस दिवसांनी, चौदा वर्षे. कोणत्या आईबापाच्या लक्षात राहील?

ते आत्याने लक्षात ठेवले. तिने एकवीस दिवस मोजले नाहीत. आठवडी बाजार मोजले. “तिसऱ्या बजाराले सुई,” हा तिचा नियम. पहिला बाजार मोकळा, दुसरा मोकळा, तिसऱ्याला पोरीला घेऊन निघायचे. परतताना तिला काही तरी गोड. मुलगा एकदा म्हणाला, पेरणी आहे, पुढच्या बाजारी पाहू. आत्या त्याला म्हणाली, “तुया वक्ती कोनी मोजलं असतं त तू मले चिखलात पाह्यला नसता.” तो तेव्हा पोटात होता. पण वाक्याचा अर्थ त्याला कळला, आणि तो उठला.

मी साहित्य शिकवते. आमच्या परंपरेत हृदय फार आहे; ते फुटते, द्रवते, भरून येते, कोणाला दिले जाते. वैद्यकाच्या इतिहासातही हृदय असेच नाट्यमय आहे: पहिले बोट, पहिला फुगा, पहिले आरोपण. दोन्हीकडे एका दिवसाची, एका क्षणाची गोष्ट सांगितली जाते. या आजाराची खरी गोष्ट मात्र क्षणात नाही. ती पुनरावृत्तीत आहे. तो पुनःपुन्हा धरणाऱ्या घशातून येतो आणि पुनःपुन्हा दिलेल्या सुईने थांबतो. पुनरावृत्तीची कथा लिहायला आम्हाला येत नाही. तिच्यात उत्कर्षबिंदू नसतो, आणि ती यशस्वी झाली तर शेवटी काहीच घडत नाही. मुलगी मोठी होते, रोवणीच्या ओळीत उभी राहते किंवा शहरात नोकरी करते, आणि तिला धाप लागत नाही. न लागलेल्या धापेचे स्मारक कोण उभारणार? २०१८ साली जागतिक आरोग्य सभेने या आजारावर ठराव केला आणि सरकारांना तो निपटण्याचे आवाहन केले. ठराव हवाच होता. पण त्याचा अंमल शेवटी औषधाच्या कपाटात एक कुपी आहे की नाही, आणि घरात तिसरा बाजार मोजणारे कोणी आहे की नाही, या दोन गोष्टींवर येऊन ठरतो. पहिली गोष्ट शासनाने पाहायची. दुसरी आपण बायांवर सोडून दिलेली आहे, आणि त्या करतात म्हणून ते काम आहे असे कोणाला वाटतही नाही.

अकराव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत, एकवीस दिवसांच्या हिशेबाने, साधारण दोनशे चाळीस सुया होतात. त्यांतली एक औषध न मिळाल्यामुळे चार दिवस उशिरा झाली. बाकीच्या वेळेवर आहेत. आत्या साठी ओलांडून गेली आहे, तिची नाडी अनियमित आहे, आणि आपण ही सगळी संख्या पुरी होईपर्यंत असू असे ती धरून चालत नाही. म्हणून गेल्या दिवाळीपासून तिने मोजण्याचे काम नातीकडे दिले आहे. पोरीच्या मराठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर उभ्या रेघा आहेत. दोन लहान, एक मोठी, दोन लहान, एक मोठी. मी ते पान पाहिले तेव्हा तिने वही माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, येत्या बाजाराची रेघ मोठी आहे.